दहा टक्के कशाचे?

छापखान्याच्या कोटेशनच्या तळाशी, जीएसटीच्या आकड्याखाली आणि ‘चू. भू. द्या. घ्या.’च्या शेजारी, बारीक टायपात एक ओळ असते: डिजिटल प्रूफ आणि ऑफसेट छपाई यांच्या रंगात दहा टक्के फरक ग्राह्य धरावा. कुठे हा आकडा पंधरा असतो, कुठे वीस. तो आला कुठून, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘सगळेच लिहितात.’ आणि मग जरा समजुतीच्या सुरात, ‘साहेब, दोन्हीचं तंत्रच वेगळं. रंग जुळत नसतो.’

यातले पहिले विधान निरर्थक आहे आणि दुसरे अर्धसत्य. दोन्ही मिळून मराठी मुद्रण व्यवसायात गेली वीसपंचवीस वर्षे एक सोयीस्कर आळस पोसला गेला आहे. मुद्रकाला त्यातून जबाबदारीची सुटका मिळते आणि प्रकाशकाला घासाघीस करण्याचे निमित्त.

आधी टक्क्यांचे बघू. वजनाचे टक्के काढता येतात, पैशांचे येतात. रंगाचे कसे काढायचे? छपाईत टक्के सांगतात ते एका गोष्टीचे: कागदाचा किती भाग शाईच्या बिंदूंनी झाकला जाणार आहे. तेच धरले तर हिशेब असा होतो. मलपृष्ठावरच्या लेखिकेच्या फोटोत गालाच्या जागी मॅजेंटा ४० आहे. तो ५० झाला की बाई भर उन्हातून आल्यासारख्या दिसतात, ३० झाला की कावीळ झाल्यासारख्या. हा म्हणे ग्राह्य फरक. करड्या रंगात तर एवढीही मोकळीक नाही. सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० यांच्या मिश्रणातून चांगल्या आर्ट पेपरवर जवळजवळ निखळ करडा येतो. त्यात मॅजेंटा चारपाच अंशांनी चढला तरी गुलाबी झाक येते, आणि ती ओळखायला रंगतज्ज्ञ लागत नाही.

रंगातला फरक मोजायचे माप अस्तित्वात आहे. सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली रंग आकड्यांत मांडायची पद्धत ठरवली आणि १९७६ साली त्यातून ‘लॅब’ ही मोजणी आली. प्रत्येक रंगाला तीन आकडे: एल म्हणजे उजेड, काळ्याच्या ० पासून पांढऱ्याच्या १०० पर्यंत; ए म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंतचा अक्ष; बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा. दोन रंगांमधले अंतर म्हणजे डेल्टा-ई. दोन नमुने शेजारी ठेवले तर सरावलेल्या डोळ्याला एकाच्या आसपासचा फरक कळतो, दोनतीनपर्यंतचा गिऱ्हाइकाच्या सहसा लक्षात येत नाही, पाचाच्या पुढचा काउंटरवर उभ्या असलेल्या कुणालाही दिसतो. ऑफसेटसाठी असलेले आयएसओ १२६४७-२ हे मानक चार मूळ शायांच्या ठोस पट्ट्यांना ५ डेल्टा-ईची सूट देते. कोटेशनमधल्या दहा टक्क्यांचा अर्थ उदार मनाने एलच्या शंभराच्या पट्टीवरचे दहा असा लावला, तरी ती सूट मानकाच्या दुप्पट होते. आणि कुठल्या पट्टीवरचे दहा हे लिहिलेलेच नसल्यामुळे भांडण झाले की ज्याचा आवाज मोठा त्याची पट्टी.

भांडणे होतात ती बहुतेक पुनर्मुद्रणाच्या वेळी. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजाराची, हल्ली पाचशेची. ती ऑफसेटवर निघते. मग मागणी थेंबथेंब येते, म्हणून प्रकाशक शंभर-दीडशे प्रती डिजिटलवर काढतो. प्लेट नाही, मेक-रेडीची, म्हणजे यंत्र लावतानाची, नासाडी नाही, गोदाम अडत नाही. व्यवहार शहाणपणाचा आहे. पण पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जे लुगडे डाळिंबी होते ते दुसऱ्या खेपेला राणी रंगाचे होऊन येते, मोरपंखी काठ हिरवट होतो, आणि दुकानातल्या फळीवर दोन्ही प्रती एकमेकींना टेकून उभ्या राहतात. पदपथांवर नकली प्रतींचा धंदा चालतो हे पुण्यामुंबईच्या वाचकाला चांगले माहीत आहे. दोन रंगांची एकच कादंबरी पाहिल्यावर त्याच्या मनात पहिला संशय येतो तो यातली एक चोरीची आहे हा. प्रकाशकाने प्रामाणिकपणे पैसे मोजून आपल्याच पुस्तकाला नकली ठरवून घेतलेले असते. आणि हे घडवणारा मुद्रक तळाची ती ओळ दाखवून मोकळा होतो.

आता ‘तंत्रच वेगळं’ या दाव्याकडे. तंत्र वेगळे आहे, यात शंका नाही. ऑफसेटमध्ये शाई आणि पाणी एकाच प्लेटवर नांदतात, प्लेटवरून रबराच्या ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर येतात. कागदावर बसणारा शाईचा थर साधारण एक मायक्रॉनचा. तो काही अंशी कागदात मुरतो, काही अंशी वर वाळतो, आणि वाळताना त्याची घनता उतरते. यंत्रावरून नुकतीच उचललेली शीट आणि उद्या सकाळी तीच शीट यांत म्हणूनच फरक असतो. बिंदू दाबाखाली पसरतो तो वेगळाच: फाइलमध्ये ५० असलेला बिंदू कागदावर ६५च्या आसपास भरतो. टोनरच्या डिजिटल यंत्रात पाणी नाही, प्लेट नाही. विजेच्या भारावर चिकटलेली भुकटी उष्णतेने वितळवून कागदावर बसवतात. ती मुरत नाही, कागदाच्या वर राहते, थर ऑफसेटच्या कितीतरी पट जाड असतो आणि त्याला स्वतःची चकाकी असते. इंडिगोसारख्या यंत्रात रंग द्रवात मिसळलेला असतो आणि तापवलेल्या ब्लँकेटवरून उतरतो, म्हणून तो ऑफसेटच्या जरा जवळ जातो. मॅजेंटाचे रसायन वेगळे, बिंदूंची रचना वेगळी, पसरण्याची चाल वेगळी. हे सगळे मान्य.

त्यातून ‘म्हणून रंग जुळत नसतो’ हा निष्कर्ष निघत नाही. पुरावा रोज टेबलावर पडलेला असतो. मोठ्या जाहिरातीचे किंवा कलापुस्तकाचे काँट्रॅक्ट प्रूफ कशावर निघते? इंकजेटवर. दाब नाही, ब्लँकेट नाही, चाराऐवजी आठदहा शाया, खास लेप दिलेला कागद. ऑफसेटशी त्याचे काडीचे साम्य नाही. तरीही आयएसओ १२६४७-७ हे प्रूफचे मानक त्याच्याकडून सरासरी अडीच डेल्टा-ईच्या आत राहण्याची अपेक्षा करते आणि नीट सांभाळलेले यंत्र ती पुरी करते. इंकजेट ऑफसेटचे हुबेहूब सोंग आणू शकते, मग टोनरने असे काय पाप केले आहे? फरक एवढाच की इंकजेटच्या प्रूफमागे कुणीतरी मोजमाप केलेले असते. कोपऱ्यातल्या डिजिटल यंत्रावर फाइल टाकतात आणि हिरवे बटण दाबतात.

ते बटण दाबल्यावर काय होते हेही सांगायला हवे, कारण सगळी गोम तिथे आहे. प्रत्येक डिजिटल यंत्राच्या पुढे आरआयपी असतो, फाइलचे बिंदू करून देणारा संगणक. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: या फाइलमधले आकडे कोणत्या छपाईला अनुसरून लिहिले आहेत, आणि या कागदावर या यंत्राचा खरा रंग काय येतो. पहिली गोष्ट सांगितली नाही, किंवा नक्कल करण्याची सोय बंद ठेवली, तर यंत्र आपल्या स्वभावाप्रमाणे छापते. स्वभाव कारखान्याने ठरवलेला असतो आणि कारखान्याला यंत्र विकायचे असते, म्हणून तो भडक असतो. ग्राहक हरखतो. ‘डिजिटल किती ब्राइट आलंय बघा!’ त्या क्षणी ऑफसेटशी नाते तुटते, कारण ऑफसेट तेवढे चमकू शकत नाही. पुढे ऑफसेटचा मशीनमन शाई ओतून ओतून त्या नमुन्याच्या मागे धावतो, सावल्या बुजतात, शीटच्या पाठीला डाग पडतात, आणि शेवटी तंत्र वेगळे असल्याचा दाखला दिला जातो.

यावर ऑफसेटवाल्यांचा एक ठरलेला प्रतिटोला असतो: ऑफसेट हे मूळ, डिजिटल ही नक्कल, तेव्हा नकलेनेच मुळाशी जुळवून घ्यावे. ऐकायला रुबाबदार आहे. पण मूळ म्हणजे नेमके काय? ऑफसेटच्या हजार शीटमधली कितवी? सुरुवातीची, पाण्याचा तोल साधण्यापूर्वीची, की जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्र पुन्हा चालू केल्यावरची? आणि मुखपृष्ठे एकेकटी छापतच नाहीत. खर्च वाचवायला एका मोठ्या शीटवर चार निरनिराळ्या पुस्तकांची कव्हरे बसवतात. शाई सोडणाऱ्या कळा शीटच्या रुंदीवर ओळीने असतात. एका पट्ट्यात जेवढी शाई सोडली तेवढी त्या पट्ट्यात पुढेमागे जे काही असेल त्या सगळ्याला मिळते. कवितासंग्रहाच्या कव्हरवर करडा ढग आहे आणि त्याच पट्ट्यात खाली पाककृतींच्या पुस्तकावरच्या लाल मिरच्या आल्या आहेत. मिरच्यांना तिखट करायला मॅजेंटा वाढवला की ढग तांबूस होतो. समीक्षकाने पुढे त्या तांबूस ढगात संध्याकाळचे सूचन शोधले तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्या कव्हरला ‘मूळ’ मानून डिजिटलवर ते हुबेहूब उतरवायचे म्हणजे शेजारच्या मिरच्यांचीही नक्कल करायची.

म्हणून माझे म्हणणे असे. डिजिटलला ऑफसेटशी किंवा ऑफसेटला डिजिटलशी जुळवण्याचा खटाटोप सोडावा. दोघांनी तिसऱ्या, कागदावर लिहिलेल्या, सर्वांना उपलब्ध असलेल्या लक्ष्याशी जुळवून घ्यावे. अशी लक्ष्ये आहेत. म्युनिकजवळच्या फोग्रा या संशोधन संस्थेची ‘फोग्रा ३९’ ही मोजणी वर्षानुवर्षे आर्ट पेपरवरच्या ऑफसेटसाठी वापरात आहे. तिच्यानुसार ठोस सायन म्हणजे एल ५५, ए उणे ३७, बी उणे ५०. ठोस मॅजेंटा म्हणजे ४८, ७४, उणे ३. हे आकडे नाशिकमध्ये, कोल्हापुरात किंवा न्यू जर्सीत बदलत नाहीत. हल्लीच्या निळसर चकाकीच्या कागदांसाठी पुढे ‘फोग्रा ५१’ आली. अमेरिकेतून आलेली जी-७ ही पद्धत करड्या रंगाला धरून चालते: आधी करडा निखळ करा, उजेडापासून अंधारापर्यंतची त्याची चढण ठरलेल्या वळणाने न्या, मग यंत्र कोणतेही असो, चित्राचा एकूण तोंडवळा सारखा येतो. मला स्वतःला छोट्या छापखान्यांसाठी ही वाट जास्त जवळची वाटते. गिऱ्हाईक रंगाच्या छटेपेक्षा आधी करड्यातली झाक ओळखतो, आणि त्वचेचा, लाकडाचा, दगडी वाड्याचा रंग करड्याचा तोल गेला की पहिल्यांदा बिघडतो.

आणि यात नवे काही नाही. बेनी लांडांच्या इंडिगोने आणि बेल्जियमच्या झायकॉनने आपली रंगीत डिजिटल यंत्रे १९९३ साली जगापुढे आणली. रंगाची ओळखपत्रे, म्हणजे प्रोफाइल, सगळ्या यंत्रांना समजावीत यासाठी अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी आयसीसी ही संघटना स्थापन केली तीही १९९३ सालीच. अडचण आणि तिच्यावरचा तोडगा एकाच वर्षी जन्मले. तीस वर्षे उलटून गेल्यावर अडचणीचा तेवढा पाढा वाचणे आणि तोडग्याचे नावही न काढणे याला तांत्रिक मर्यादा म्हणत नाहीत.

‘आकडे राहू द्या, डोळा काय सांगतो ते बघा’ असे म्हणणारे जुने लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. शाईच्या रोलरचा आवाज ऐकून पाणी जास्त झाले की कमी हे सांगणारा मशीनमन कुठल्याही उपकरणाहून मोलाचा. पण डोळ्याचे कौशल्य तुलनेत आहे. दोन तुकडे शेजारी द्या, तो फरक सांगेल. सहा महिन्यांपूर्वीचा डाळिंबी आठवायला सांगा, तो चुकेल. माझाही चुकेल, रवि वर्म्याचाही चुकला असता. शिवाय डोळा ज्या उजेडात बघतो त्याचे काय? रंग तपासण्यासाठी आयएसओ ३६६४ या मानकाने ५००० केल्विनचा प्रकाश ठरवला आहे. आपल्या छापखान्यात वर ‘कूल डेलाइट’ नळी असते, ६५०० केल्विनची, निळसर. प्रकाशकाच्या टेबलावर पिवळा एलईडी. लेखक शीट गॅलरीत नेऊन बघतो. टोनरचा करडा आणि ऑफसेटचा करडा एका उजेडात सारखे दिसून दुसऱ्यात फटकून वागू शकतात, कारण त्यांची रंगद्रव्ये निराळी आहेत. कागदात घातलेले चकाकीचे रसायन अतिनील किरण पिऊन निळा उजेड परत फेकते, म्हणून तोच कागद खिडकीपाशी दुधासारखा पांढरा आणि बल्बखाली साधा दिसतो. तिघे जण तीन उजेडांत बघून वाद घालतात आणि खापर यंत्रावर फोडतात.

परंपरेचा हवाला द्यायचाच असेल तर तो माझ्या बाजूने आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रवि वर्म्याच्या छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि दगडांचा क्रम, त्यावरची शाई ठरलेली असे. पुढे ब्लॉकचा जमाना आला. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी दिवाळी अंक सजू लागले, त्या काळात रंगीत ब्लॉक करून देणारा कारखाना ब्लॉकसोबत प्रोग्रेसिव्ह प्रूफ पाठवत असे: नुसता पिवळा, पिवळ्यावर लाल, त्यावर निळा, शेवटी काळा. कुठल्या शाईने, कोणत्या कागदावर, किती भराने हे त्यावरून कळे. छापणाऱ्याच्या हातात पायरीपायरीचा नमुना असायचा आणि तो न जुळल्यास कुठल्या पायरीवर गाडी घसरली हे बोट ठेवून दाखवता यायचे. आजचा प्रूफ म्हणून फिरणारा डिजिटलचा कागद यातले काहीही सांगत नाही. आपण अनुभवाच्या डोळ्यावर विसंबून राहिलो असे म्हणतो. प्रत्यक्षात त्या डोळ्याला आधार देणारी शिस्त आधी टाकून दिली.

कापडवाल्यांनी ती टाकलेली नाही. इचलकरंजी-सोलापूरकडच्या प्रोसेस हाऊसमध्ये लॅब-डिप, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेला कापडाचा नमुना, मंजूर झाल्याशिवाय मोठा घाणा लागत नाही, आणि तो मंजूर करायला लाइट बॉक्स असतो, ज्यात दिवस, दुकान, घर असे वेगवेगळे उजेड बटणाने बदलता येतात. निर्यातीच्या मालाला डेल्टा-ईचा आकडा करारात असतो. चादरीला जे जमते ते पुस्तकाला का जमू नये? उत्तर येते, त्यांचा गिऱ्हाईक माल परत पाठवतो. बरोबर. आपला प्रकाशक परत पाठवत नाही, कारण त्याने दहा टक्क्यांवर सही केलेली असते.

याचा अर्थ यंत्र विकणाऱ्यांचे सगळे खरे मानायचे असा नाही. ‘ऑफसेटसारखीच क्वालिटी, एकदा प्रोफाइल लावलं की बघायला नको,’ हे त्यांचे पालुपद मला ‘रंग जुळत नसतो’ या दाव्याइतकेच चुकीचे वाटते. टोनर कागदावर चढतो तो विजेच्या भाराने, आणि कागदातला ओलावा बदलला की तो भार बदलतो. जुलैतल्या पुण्यात उघड्या रिमातून उचललेला आर्ट कार्ड आणि मेमधला आर्ट कार्ड यांच्यावर एकच फाइल सारखी उतरत नाही. ड्रम झिजतो, डेव्हलपर म्हातारा होतो. यंत्र रोज सकाळी, आणि मोठ्या कामात मधेही, मोजून जागेवर आणावे लागते, आणि कागद बदलला की त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागते. ‘बघायला नको’ म्हणणारा विक्रेता पुढच्या गावी गेलेला असतो.

काही रंग खरोखरच जुळत नाहीत, आणि ते आधीच सांगून टाकणे हा सभ्यपणा आहे. त्यात पहिला नंबर केशरीचा. झेंडूचा, पताकेचा तेजस्वी केशरी चार रंगांच्या ऑफसेटमध्ये येत नाही. मॅजेंटा ६० आणि पिवळा १०० घालून येतो तो विटकट नारिंगी. टोनरच्या काही यंत्रांवर तो थोडा बरा येतो, काहींत जादा नारिंगी शाईची सोय असते तिथे चांगला येतो. आपल्या राष्ट्रध्वजाच्या केशरीची गोष्ट बोलकी आहे. भारतीय मानकाने, आयएस १ने, त्या कापडाच्या रंगाचे वर्णन ‘साधारण केशरी’ असे केलेले नाही; १९३१च्या सीआयई पद्धतीतले एक्स ०.५३८ आणि वाय ०.३६० असे आकडे दिले आहेत. मानक १९५१चे, सुधारणा १९६४ आणि १९६८च्या. खादीवर ध्वज रंगवणाऱ्याला देशाने साठसत्तर वर्षांपूर्वी आकड्यांत बांधले, आणि लाखो रुपयांचे यंत्र चालवणारा मात्र टक्क्यांच्या धुक्यात मोकळा.

केशरी हवाच असेल तर ऑफसेटमध्ये पाचवी, खास मिसळलेली शाई घ्यावी आणि पुनर्मुद्रणही ऑफसेटवरच करायची तयारी ठेवावी. नाहीतर चित्रकाराने पहिल्याच दिवशी दोन्ही यंत्रांना झेपेल असा केशरी निवडावा. ज्याचा रंगांचा आवाका लहान तो मर्यादा ठरवणार. मोठ्याने खाली वाकायचे, कारण लहान्याला उंच होता येत नाही. सोनेरी शाई, फ्लोरोसंट शाई यांचे नावच काढू नये. क्रीम रंगाच्या बल्की कागदावर किंवा मॅपलिथोवर रंग वेगळाच बसतो, तिथे आर्ट पेपरचे लक्ष्य लावणे चूक. टोनरची चकाकी उघड्या कागदावर लपत नाही. मॅट लॅमिनेशन केल्यावर ती बरीच लपते, पण मग मॅट फिल्म गडद भाग फिके करते, म्हणून तुलना लॅमिनेशननंतरच्या दोन कव्हरांची करायची. इतका खुलासा तळाच्या त्या एका ओळीत मावत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठीच ती ओळ नको.

आणि आता प्रकाशक आणि डीटीपीवाले, कारण मुद्रकांनाच झोडपणे अन्यायाचे होईल. कव्हरची मंजुरी व्हॉट्सअ‍ॅपवर दिली जाते. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, त्यातले हिरवे-निळे कुठल्याही शाईच्या बापाला येणार नाहीत, आणि वर पाठवताना चित्र आकसलेले असते. तरी ‘काल मोबाइलवर किती छान दिसत होतं’ हा आक्षेप म्हणून नोंदवला जातो. फाइल कोरलमध्ये केलेली, त्यात फोटो पडद्याच्या आरजीबीत, शीर्षक छपाईच्या सीएमवायकेत, एक जुना लोगो कुठल्यातरी तिसऱ्याच प्रोफाइलचा, आणि पीडीएफ करताना सगळ्यांची एकगठ्ठा खिचडी. डिजिटलचा आरआयपी त्या खिचडीचा एक अर्थ लावतो, सीटीपीवाला, म्हणजे फाइलवरून ऑफसेटच्या प्लेटा काढून देणारा, दुसरा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

यातला सर्वांत छळवादी प्रकार काळ्या अक्षरांचा. आरजीबीतला काळा रूपांतरात चार शायांचा होतो. डिजिटल यंत्रावर चारही रंगांचे रजिस्ट्रेशन सहसा इतके चांगले असते की अक्षर ठसठशीत दिसते, प्रूफ पास होते. ऑफसेटवर कागद ओलाव्याने केसभर ताणला की मलपृष्ठावरच्या नऊ पॉइंटच्या मजकुराच्या शिरोरेषेला गुलाबी सावली लागते, अनुस्वाराचे दोन टिंब होतात. इथे डिजिटल प्रूफने फसवले ते वाईट छापून नव्हे, नको तितके चांगले छापून. मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवणे हा यावरचा उपाय फुकटातला आहे, आणि तरीही दर हंगामात नवी कव्हरे या रोगाने आजारी पडून येतात.

उरला खर्चाचा मुद्दा, जो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठ्या आवाजात मांडला जातो: हे चोचले मोठ्यांचे, तालुक्याच्या छापखान्याला परवडत नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटर महाग आहे, खरे आहे. चार रंगी यंत्राच्या किमतीपुढे तो किती महाग आहे हे मात्र कुणी सांगत नाही. तो विकत घ्यायलाच हवा असेही नाही. एका गावातल्या पाचसहा छापखान्यांना एक उपकरण आणि ते चालवणारा एक जाणकार माणूस पुरतो. प्लेटसाठी सगळे एकाच सीटीपी केंद्रावर जातातच, तिथेच मोजणीची सोय होऊ शकते. शीटच्या कडेला, कापून जाणाऱ्या जागेत, रंगपट्टी छापायला पैसे पडत नाहीत. ५००० केल्विनच्या दोन नळ्या आणि करड्या रंगाचा एक कोपरा एवढ्यावर उजेडाचा प्रश्न निम्मा सुटतो. उलट बाजूचा खर्च मांडून बघा: रंग पकडण्याच्या नादात वाया गेलेली आर्ट कार्डाची शीट, थांबलेले यंत्र, परत काढलेल्या प्लेटा, आणि शेवटी बिलातून कापलेली रक्कम. हा खर्च आज होतोच आहे. तो कुठल्याही वहीत स्वतंत्रपणे लिहिला जात नाही, म्हणून दिसत नाही.

पुनर्मुद्रण होणार हे ज्या पुस्तकाबाबत आधीच कळते, त्याच्या पहिल्या छपाईच्या दिवशीच कव्हरच्या चार-पाच महत्त्वाच्या जागा मोजून आकडे लिहून ठेवता येतात: त्वचा, करडा, शीर्षकाचा रंग, कोरा कागद. सोबत कागदाचे नाव आणि जीएसएम, लॅमिनेशनचा प्रकार, कोणते लक्ष्य धरले ते. सही केलेली शीटही ठेवावी, पण नुसत्या तिच्यावर भिस्त नको, कारण कपाटातसुद्धा कागद पिवळा पडतो आणि पाच वर्षांनी आपण त्या पिवळेपणाशी रंग जुळवत बसतो. पुढचा मुद्रक दुसऱ्या गावातला असला, त्याचे यंत्र दुसऱ्या जातीचे असले, तरी हे अर्ध्या पानाचे टिपण त्याला पुरते. ते तयार करायला लागणाऱ्या वेळाचे पैसे मुद्रकाने मागावेत, कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीवर, रकमेसह मागावेत. आणि ज्या प्रकाशकाला ते द्यायचे नसतील त्याने तसे लिहून द्यावे.